थायलंडला जायलोय, पण बोलू काय?

या पानासाठी प्रवासाचे प्रश्न मागवले तेव्हा वाटलं होतं की युरोप-दुबईचे येतील, आले ते बहुतेक थायलंडचे. कारण सरळ ए. आपल्याकडं बियाणं-खताच्या कंपन्या दुकानदाराचं टार्गेट पुरं झालं की टूर देतात अन् ती टूर फिरून फिरून बँकॉक-पटायालाच जाती. मग दुकानदार बघून आला की पुढच्या वर्षी घरचे, भिशीवाल्या, शेजारी असे सगळेच निघतात. तर या वेळी पानभर थाई बोलणंच घेऊ.

प्रश्न : माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या बियाण्याच्या स्कीममधी यंदा थायलंड लागलं, आम्ही जिल्ह्यातले पंधरा-वीस दुकानदार मिळून जायलोत. इंग्रजी माझं जेमतेम. पोरानं मोबाईलवरून थाई वाक्यांची यादी काढून दिली पण ती सगळी इंग्रजी स्पेलिंगमधी, वाचावं कसं तेच कळंना, अन् वाक्यं तर शंभराच्या वर. कमीत कमी काय पाठ करून जाऊ?
— एक दुकानदार, अंबड, जि. जालना

उत्तर : दादा, शंभर वाक्यं पाठ करून कुणी जात नसतं, अन् गेलं तरी विमानातून उतरेपर्यंत त्यातली निम्मी सांडतात. ती यादी बाजूला ठेवा, विशेषतः ती स्पेलिंगं. थाई शब्द इंग्रजीत लिहिले की घोळ होतो. पी-एच दिसलं की आपण फॅनमधला फ काढतो, टी-एच दिसलं की थँक्यू आठवतं, पण थाईत तसं काही नाही, तिथं पी-एच म्हणजे ओठ मिटून जोरात सोडलेला प, आपली आजी फळ म्हणती त्यातला फ. थाई माणूस क-ख, त-थ, प-फ, च-छ हे सगळे वेगळे धरतो. आपण पण धरतो. काइ म्हणजे कोंबडी अन् खाइ म्हणजे अंडं, इंग्रजी बोलणारा पर्यटक इथं कायम अडकतो, तुम्हाला अडकायचं कारणच नाही. त्यांच्याकडं ऑ पण आहे अन् ॲ पण आहे. म्हणून वही घ्या अन् देवनागरीत लिहा, निम्मं काम तिथंच होतं. फक्त ट-ठ-ड-ढ तिकडं नाहीत, आपण ज्याला पटाया म्हणतो ते त्यांच्या तोंडी फात-था-या असतं. अन् शब्दाचं शेवटचं अक्षर तोंडातच दाबायचं, प आला की ओठ मिटले ते मिटलेच. शेवटी ल असला तर त्याचा न होतो, म्हणून जेवण झाल्यावर बिल मागायचं ते "छेक बिन".

आता पहिला शब्द, अन् हाच सगळ्यात कामाचा. पुरुषानं वाक्याच्या शेवटी ख्राप म्हणायचं, घाईत सगळे नुसतं खाप म्हणतात. बाईनं खा म्हणायचं. हे बोलणाऱ्यावर ठरतं, समोर बाई आहे का बाप्या याचा संबंध नाही. मोबाईलच्या ॲपमधी बऱ्याचदा बाईचा आवाज असतो अन् ती खा म्हणती, तिचं ऐकून तुम्ही पंधरा-वीस जण बाजारभर खा खा करत फिरू नका म्हणजे झालं. वाक्य तोडकंमोडकं असू द्या, शेवटी खाप लागला की समोरचा थांबून ऐकतो.

मग सवात्दी खाप हा नमस्कार, येताना अन् निघताना दोन्हीला चालतो. खॉप खुन खाप म्हणजे आभार. खॉ थोत खाप म्हणजे माफ करा, गर्दीत वाट मागायला पण हेच. माइ पेन राइ म्हणजे असू द्या हो, काही होत नाही, हे तुम्हाला तिकडं दिवसभर ऐकू येईल. माइ आउ खाप म्हणजे नको. पटायात संध्याकाळ झाली की रस्त्यावर हात धरून बोलावणारे असतात, बोटीच्या फेरीला बोलावणारे असतात, सूट शिवून देणारे असतात, सगळ्यांना हसून माइ आउ खाप अन् पाय उचलायचा, तिथं उभं राहून चर्चा करायची नाही. अन् हॉंग नाम यू थी नाइ खाप, म्हणजे बाथरूम कुठं आहे. एवढं न विसरता पाठ करा, ग्रुपमधला कुणीतरी दर तासाला विचारतोच.

थाउराइ खाप म्हणजे केवढ्याला, हे टूरवाले सगळेच शिकून जातात. अन् समोरून उत्तर आलं की तोंडाकडं बघत बसतात. विचारता आलं अन् उत्तर कळंना तर काय उपयोग? माझं स्पष्ट मत आहे की वाक्यांच्या आधी आकडे शिकावेत. नुंग, सॉंग, साम, सी, हा, होक, चेत, पॅत, काउ, सिप. झाले दहा. नुंगमधला उ ओठ न काढता म्हणायचा, अन् ह्या सगळ्यातला शेवटचा ग गिळायचा. पुढं तर लई सोपं, आपल्यासारखं एकोणसाठ का एकोणसत्तर ही भानगडच नाही. तीस साम-सिप, चाळीस सी-सिप, ऐंशी पॅत-सिप. वीस तेवढा यी-सिप. अकरा, एकवीस, एकतीस यांच्या शेवटी नुंग जाऊन एत येतो, म्हणजे सिप-एत, यी-सिप-एत. शंभर रॉइ, हजार फान. अडीचशे म्हणजे सॉंग रॉइ हा सिप. तुमच्या दुकानात थैल्यांवर, बाटल्यांवर भाव छापलेलेच असतात, गिऱ्हाईक नसलं की एकेक बघून मोठ्यानं थाईत वाचा. बघा, पेरणीच्या आधी पाठ होतील. (पाचाला हा म्हणतात म्हणून तिकडची पोरं मोबाईलवर हसायचं असलं की ५५५ टाइप करतात. हा हा हा. हे उगं सांगितलं, पण हा आता विसरणार नाही तुम्ही.)

पर्यटकांच्या बाजारात बाई कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवती, तिथं काही न शिकता पण भागतं. फॅंग पाइ म्हणजे लई महाग, लोत दाइ माइ खाप म्हणजे कमी होईल का. मॉलमधी अन् सेव्हन-इलेव्हन नावाच्या दुकानांमधी भाव करायचा नसतो, नुसतं हसं होतं. बँकॉकच्या टॅक्सीत बसताना पऽत मितऽ दुआइ खाप, म्हणजे मीटर टाका. नाही म्हणला तर उतरा अन् दुसरी बघा. अन् एक ध्यानात ठेवा, ग्रँड पॅलेसच्या, म्हणजे तिथल्या राजवाड्याच्या, बाहेर कुणी गोड बोलून सांगितलं की आज पित आहे, पित म्हणजे बंद, चला मी दुसरीकडं फिरवून आणतो स्वस्तात, तर ते टुकटुक (तिकडची रिक्षा) खड्यांच्या नाहीतर सुटाच्या दुकानात जाऊन थांबतं. हा जुना धंदा आहे. सरळ गेटवर जाऊन बघायचं. गुडघे अन् खांदे झाकलेले पाहिजेत तिथं, बर्मुडा चालत नाही.

वेटरला ए म्हणून, चुटकी वाजवून बोलवू नका. आपण अनोळखी माणसाला मामा, दादा म्हणतो तसं त्यांच्यात मोठ्याला फी अन् लहानाला नॉंग म्हणतात. नॉंग खाप म्हणलं की पोरगी पळत येती.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. आमच्या भिशीच्या बायकांनी दिवाळीनंतर थायलंड ठरवलंय. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, मटण-मासळी सोडाच पण अंडंसुद्धा चालत नाही. जाऊन आलेल्या एक ताई म्हणाल्या तिकडं व्हेज म्हणून सांगितलं तरी माशाचं पाणी घालतात. मग काय नुसत्या केळ्यांवर राहायचं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बाई, त्या ताईंचं खरं आहे. त्या माशाच्या पाण्याला नाम प्ला म्हणतात अन् मिठाच्या जागी तेच पडतं. रस्सा भाजीच्या वाटणात कापि असतं, ते कोळंबीचं आंबवलेलं. कच्च्या पपईची सॉम ताम नावाची कोशिंबीर बघायला आपल्यातली वाटती, पण तिच्यात सुकी कोळंबी कुटलेली असती. त्यांच्या हिशेबानं मटणाचा तुकडा नाही म्हणजे झालं व्हेज, कुणी मुद्दाम फसवत नाही.

म्हणून नुसतं व्हेज म्हणू नका. दोन शब्द आहेत. एक मांगसाविरात, हा आपल्या मांस अन् विरतीतूनच गेलेला, यात अंडं-दूध चालतं असं धरतात. तुमच्या कामाचा दुसरा, चे. चेहऱ्यातला चे. चे म्हणजे मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही, दूध नाही, अन् कांदा-लसूणसुद्धा नाही, चिनी बौद्ध लोकांकडून आलेलं हे पथ्य ए. तुमच्या ग्रुपमधी कुणी कांदा-लसूण न खाणारं असलं तर त्यांचं पण भागलं, फक्त कंदमुळं चे मधी चालतात, जैन मैत्रिणींनी ते विचारून घ्यावं. चे च्या दुकानावर पिवळं निशाण असतं अन् त्यावर लाल रंगात एक खूण, लांबून इंग्रजीत सतरा लिहिल्यासारखी दिसती. ती दिसली की आत शिरायचं. चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत तर गल्लोगल्ली ही निशाणं लागतात, फुकेतला त्याचा मोठा उत्सव असतो, पुष्कळ वर्षी हे दिवस आपल्या नवरात्रातच येतात. तुम्ही दिवाळीनंतर जायलात म्हणजे ती गर्दी हुकणार, पण दुकानं वर्षभर असतात.

तर म्हणायचं, किन चे खा. म्हणजे मी चे खाते. एवढ्यावर भागलं नाही तर माइ साइ नाम प्ला खा, माशाचं पाणी घालू नका. माइ साइ कुंग खा, कोळंबी घालू नका. अन् माइ साइ खाइ खा. ऐकायला अगदी खा खा म्हणून आग्रह केल्यासारखं वाटतं पण अर्थ आहे अंडं घालू नका. तुमच्या भिशीत हे वाक्य सगळ्यात आधी पाठ होणार बघा. हे सांगायलाच पाहिजे, कारण परतलेल्या भातात अन् नूडल्समधी अंडं न विचारता फोडतात.

कढई तीच अन् चमचा तोच असतो गाड्यावर, ते ज्यांना चालत नाही त्यांनी गाड्याच्या नादी लागूच नये, चे चं दुकान बघावं किंवा बँकॉकला फाहुरातकडं जावं, तिथं जुनी हिंदुस्थानी वस्ती आहे, गुरुद्वारा आहे, आपलं जेवण मिळतं. तिखटाचं तुम्हाला काय सांगायचं. पण माइ फेत म्हणजे तिखट नको हे तरी माहीत असू द्या, त्यांची फ्रिक खी नू नावाची बारकी मिरची आपल्या लवंगीला ऐकत नाही. अन् खाउ निआउ मामुआंग नक्की खा, चिकट भात, नारळाचं दूध अन् वरून पिकलेला आंबा. आपल्या केसरची सर नाही असं घरी येऊन म्हणालच, पण ताट पुसून खाल. साधं पाणी मागायला नाम प्लाउ.

प्रश्न : थाई भाषेत म्हणे पाच सूर असतात अन् सूर चुकला की अर्थच बदलतो. मग आपण कितीबी पाठ केलं तरी उलटसुलटच होणार ना? भाषा शिकायची आवड आहे पण याच्यामुळं हात घालावा वाटंना.
— एक विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : पाच सूर आहेत हे खरं. एक सपाट, एक खाली दबलेला, एक वरून पडणारा, एक वर ठेवलेला अन् एक खालून वर चढणारा. क्लाइ म्हणजे जवळ अन् क्लाइ म्हणजेच लांब, पडणारा सूर काढला तर जवळ, सपाट काढला तर लांब. आता रस्ता विचारणाऱ्याला याच्याइतका वैताग दुसरा नाही. सुआइ चढत्या सुरात म्हणलं तर सुंदर, सपाट म्हणलं तर कमनशिबी. कुणाच्या लेकीचं कौतुक करताना जरा जपून.

आपण पण सूर बदलतोच की, "हो?" निराळं, "हो!" निराळं अन् "होऽऽ" म्हणजे तर ऐकून सोडून दिलं. फक्त आपला सूर मनातलं सांगतो, त्यांच्यात शब्दच बदलतो. याच्यामुळं आपली एक सवय तिकडं नडती, प्रश्न विचारताना आपण वाक्याचं शेपूट वर उचलतो. थाईत प्रश्नासाठी शब्दच वेगळा लावतात, शेवटी चढत्या सुरातला माइ आला की तो प्रश्न झाला, अन् पडत्या सुरातला माइ आधी आला की ते नाही झालं. तेव्हा आपल्या मराठी चालीत शेपूट वर नेलं की शेवटच्या शब्दाचा सूर बिघडतो.

पण घाबरून हात न घालणं हे काही बरोबर नाही. वाक्य सुटं सुटं पाठ करू नका, कुणीतरी थाई माणसानं म्हणलेलं पूर्ण वाक्य यूट्यूबवर ऐका अन् गाण्याच्या ओळीसारखं चालीसकट उचला, वहीत शब्दावर वर-खाली बाण काढा. दुकानात उभं राहून थाउराइ म्हणलं अन् सूर घसरला तरी दुकानदाराला कळतं की ही भावच विचारायली, दुसरं काय विचारणार. जिथं गोंधळच होणार तिथून वळसा घालायचा. जवळ का लांब असं विचारूच नका, की नाथी असं विचारा, म्हणजे किती मिनिटं. उत्तरात आकडा येतो. म्हणून वर अंबडच्या दादांना आकडे आधी म्हणलं. अन् समोरचा भरभर बोलायला लागला तर फूत छा छा खा, हळू बोला.

प्रश्न : मी अजिंठा-वेरूळला टूरिस्ट गाडी चालवतो, थोडं गाइडचं पण बघतो. थायलंडचे लोक, भिक्खू येतात, २०२३ ला परभणीहून चैत्यभूमीपर्यंत त्यांच्या भिक्खूंची पदयात्रा निघाली होती तेव्हा पण लई लोकांशी भेट झाली, पण बोलता काही येत नव्हतं. त्यांच्यातलं दोन शब्द बोलायचं म्हणलं तर कोणतं शिकू?
— एक ड्रायव्हर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : हा प्रश्न लई आवडला, सगळे तिकडं जायच्या गडबडीत असताना तुम्ही आलेल्याचा विचार करायलात. साध्या प्रवाशाला सवात्दी खाप, हात जोडून. भिक्खूंना मात्र सवात्दी म्हणत नाहीत, त्यांना नामात्सकान खाप. आपला नमस्कारच तो, म्हणून तुम्हाला जड जाणार नाही. भिक्खूंना बाईनं हात लावायचा नसतो, हातात वस्तू द्यायची नसती, म्हणून दुकानातल्या बाईनं पाण्याची बाटली द्यायची झाली तर ती समोर ठेवायची किंवा तुम्ही द्यायची. डोक्याला हात लावणं, बुद्धमूर्तीकडं पाय करून बसणं, हे कुणालाच चालत नाही. फोटोसाठी मूर्तीकडं पाठ करून उड्या मारणारी आपली पोरं असतात, त्यांना पण जरा आवरा.

लेणीला थाम म्हणतात. तुम्हाला आकडे आलेच की थाम यी-सिप-होक म्हणजे अजिंठ्याची सव्वीस नंबर लेणी. तिथली महापरिनिर्वाणाची मूर्ती त्यांना दाखवताना फ्रा नॉन म्हणा, झोपलेला बुद्ध. त्यांच्या बँकॉकच्या वात फो देवळामधी ४६ मीटर लांबीचा फ्रा नॉन आहे, त्यामुळं हा शब्द ऐकला की ते लगेच ओळखतात. बुद्धांना फ्रा फुत्था चाउ. पायऱ्यांवर रावांग खाप, म्हणजे सांभाळून. बूट काढा म्हणायला थॉत रॉंग थाउ खाप. फोटोला थाइ रूप, रूप आपलंच.

वार तर तुम्ही गाडी चालवता चालवता शिकाल. वान म्हणजे दिवस. सोमवार वान चान, चंद्राचा. मंगळवार वान आंगखान, अंगारकी आठवा म्हणजे झालं. बुधवार वान फुत, शुक्रवार वान सुक, रविवार वान आथित. अजिंठा सोमवारी बंद अन् वेरूळ मंगळवारी बंद, तर वान चान पित, वान आंगखान पित असं आधीच सांगितलं तर त्यांची चक्कर वाचती अन् तुमचं डिझेल पण.

प्रश्न : सर, आता मोबाईलमधी बोललं की भाषांतर होतं, कॅमेरा धरला की पाटी वाचता येती. मग हे सगळं पाठ कशाला करायचं?
— एक तरुण वाचक, नांदेड

उत्तर : मोबाईल घेऊन जाच. गुगल ट्रान्सलेटमधी थाई भाषा निघायच्या आधी डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसताना पण लिहिलेलं वाचता येतं, मेनूवर कॅमेरा धरायला तर ते झकासच. औषधाच्या दुकानात, दवाखान्यात, ॲलर्जी सांगताना मी पण मोबाईलच वापरा म्हणीन, तिथं अर्धवट थाई बोलून चालत नाही. पण बसच्या दारात मागं लोकं उभी असताना मोबाईल काढून बोलून दाखवत बसणार का? तिथं खॉ थोत खाप तोंडातून निघावं लागतं.

अन् मोबाईल चोरीला गेला, बंद पडला, समुद्रात पडला तर काय करायचं ते कागदावर लिहून पाकिटात ठेवा. टूरिस्ट पोलीस ११५५, तिथं इंग्रजीत बोलता येतं. ॲम्ब्युलन्स १६६९, साधे पोलीस १९१. मदतीला हाक मारायची तर छुआइ दुआइ. दवाखाना रोंग फायाबान, पोट दुखतंय म्हणायला पुआत थॉंग, समुद्रावरचं खाऊन हेच जास्त लागतं. हॉटेलात उतरल्या उतरल्या काउंटरवरून त्यांचं थाईत पत्ता छापलेलं कार्ड मागून घ्या, बऱ्याच टॅक्सीवाल्यांना इंग्रजी पत्ता वाचता येत नाही, कार्ड पुढं केलं की काम होतं. परत निघताना विमानतळाचं नाव पक्कं सांगा, बँकॉकला दोन आहेत, एक दॉन मुआंग अन् दुसरं सुवर्णभूमी. ते सुवर्णभूमी असं म्हणून कुणाला कळायचं नाही, सुवान्नाफूम म्हणायचं.